पाळीव साप आणि अजाण माया

नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्याच्या मनात नागाचे अहित नसते. परंतु दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही. कोंडून तहानेला ठेवलेला साप केवळ पाण्यावाचून ते पितो आणि पुढे त्याचे भोग भोगतो. युरोप-अमेरिकेत हौसेने साप पाळणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. तेथील नवशिक्यांच्या चुका पाहू लागलो, तर त्यांच्याही मुळाशी बहुधा निर्दयपणा नसून अशीच अजाण माया आढळते.

या हौशी लोकांचा एक आवडता साप म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’. हा अजगराच्या कुळातला, बिनविषारी, आणि आकाराने आटोपशीर. पूर्ण वाढला तरी साधारणतः तीन ते पाच फूट भरतो. भय वाटले की डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो, बेनिन या देशांत तो उंदीर-घुशींच्या बिळांत नि वारुळांत दिवस काढतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. एवढे ध्यानात ठेवले, तर त्याच्या पालनातील निम्म्या चुका टळतील.

पहिली चूक घराची. नवा मालक कौतुकाने चोहोबाजूंनी उघडी अशी काचेची पेटी आणतो. बिळात राहणाऱ्या जिवाला ती मोकळीक वाटत नाही. आपण उघड्यावर पडलो आहोत असे वाटते. अंग सर्व बाजूंनी टेकेल अशी अंधारी, अरुंद जागा त्याला हवी असते. आणि तीही पेटीच्या दोन्ही टोकांना.

दोन्ही टोकांना कशासाठी? तर साप आपल्यासारखी अंगची ऊब राखू शकत नाही. ऊब हवी तेव्हा तो उबेकडे सरकतो, नको तेव्हा दूर जातो. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३२ अंश सेल्सियस, तर दुसरे २५-२६ अंश असावे लागते. ऊब कमी पडली तर गिळलेले भक्ष्य पचत नाही. उलट, नियंत्रणावाचून तापणारा दगड वा गादी पेटीत ठेवली, तर पोट भाजेपर्यंत साप तीवर पडून राहिल्याची उदाहरणे आहेत. उष्णता आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट ही येथे चैन नव्हे, गरज आहे.

तिसरी चूक अन्नाची. धडधाकट, प्रौढ बॉल पायथन कधी कधी कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही, अन्नाला शिवत नाही. मालक घाबरतो आणि जिवंत उंदीर आत सोडून निजतो. सकाळी पाहावे, तर उंदरानेच सापाला कुरतडलेले! म्हणून जाणकार मेलेले, गोठवून ठेवलेले भक्ष्य पूर्ण वितळवून, कोमट करून देतात. सापाचे वजन नियमाने करावे. ते टिकून असेल तर धीर धरावा, घटू लागले तर पशुवैद्याला गाठावे.

चौथी चूक स्पर्शाची. साप कुत्र्यासारखा लाडाला आसुसलेला नसतो. खाल्ल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलू नये. नाही तर गिळलेले तो ओकून टाकतो. कात टाकण्याच्या सुमारास त्याचे डोळे धुरकट होतात, तेव्हाही त्याला एकटे सोडावे. हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे पातळ आवरण चिकटून राहते. ते चिमट्याने ओढणे म्हणजे डोळ्याला इजा करणे होय. दमटपणा वाढवणे हा खरा उपाय.

सर्वांत मोठी चूक मात्र साप आणण्याआधीच घडते; ती म्हणजे वर्षांचा हिशेब न करणे. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात २०२० साली साठी उलटलेल्या एका बॉल पायथन मादीने अंडी घातली. घरी पाळलेला सापही वीस-तीस वर्षे सहज जगतो. शाळकरी मुलाच्या हट्टासाठी आणलेला साप त्या मुलाच्या संसारापर्यंत सोबत करतो, हे दुकानात किती जणांच्या मनात येते?

आपल्या देशात नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप पकडणे वा बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. बॉल पायथनसारखे, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यालाही, त्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार, सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

कुत्रा विव्हळतो, मांजर गुरगुरते. साप चटका बसला तरी ओरडत नाही. त्याचे दुःख पाहणाऱ्यानेच ओळखावे लागते. म्हणून ज्याला सापाची खरी ओढ आहे, त्याने आधी त्याचे बीळ, त्याची ऊब आणि त्याचा उपवास समजून घ्यावा. तेवढे समजल्यावर पुष्कळांना साप पेटीत ठेवावासाच वाटणार नाही, असेही संभवते. आणि तसे झाले, तर सापाची त्याबद्दल काही तक्रार असणार नाही.