ताप लॅपटॉपला, डाग मांडीला

मांडीच्या वरच्या बाजूला कोळ्याच्या जाळीसारखा तपकिरी डाग. खाजत नाही, दुखत नाही, दोन मलमे लावून झाली तरी जात नाही. असा डाग घेऊन तरुण रुग्ण ओपीडीत आला की मी औषधाआधी एकच प्रश्न विचारतो, 'लॅपटॉप कुठे ठेवून काम करतोस?' उत्तर बहुधा एकच असते. पलंगावर बसून, मांडीवर.

या डागाचे वैद्यकीय नाव 'एरिथेमा ॲब इग्ने', म्हणजे आगीमुळे आलेली लाली. चटका बसून फोड यावा एवढी ही उष्णता नसते. साधारण 43 ते 47 अंश सेल्सिअसची ऊब त्याच जागी रोज तासन् तास मिळत राहिली की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीबरहुकूम रंग उमटतो. निफाडकडच्या थंडीत रोज शेकोटीला पाय शेकणाऱ्या आजोबांच्या नडग्यांवर आणि कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून झोपणाऱ्यांच्या पाठीवर तो आम्ही पूर्वीपासून पाहत आलो आहोत. लॅपटॉपमुळे झालेले रुग्ण 2004 पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागले. ऊब वेळीच थांबली तर डाग काही महिन्यांत फिका पडतो. वर्षानुवर्षे चालू राहिली तर तो कायमचा होतो आणि क्वचित त्या जागी कर्करोगही उद्भवतो. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटामांड्यांवर दिसणारा 'कांगडी कर्करोग' याच वाटेने येतो.

पुरुषांसाठी आणखी एक नोंद. 2005 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरांनी 29 निरोगी तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप देऊन बसवले, तेव्हा अंडकोषांजवळचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. यातला मोठा वाटा मांड्या जुळवून बसण्याचाच होता, हेही त्याच अभ्यासात दिसले. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण लॅपटॉप टेबलावर ठेवायला एवढे कारण पुरेसे आहे.

इथे त्वचेचा उपचार संपतो. पण ताप आलेल्या रुग्णाला नुसती पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणे जसे अर्धवट काम, तसेच हे. नुसते जर्नल टाइप करताना लॅपटॉपला एवढा ताप का चढावा?

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. घरगुती लॅपटॉपचा प्रोसेसर विश्रांतीत असताना दोन-चार वॅटमध्ये भागवतो. जोरात कामाला लागला की पंधरा, अठ्ठावीस किंवा त्याहूनही जास्त वॅट ओढतो. आतले तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की जळून जाऊ नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. म्हणून 'गरम होतो' आणि 'हळू चालतो' या दोन तक्रारी बहुतेक वेळा एकाच आजाराच्या असतात. तुम्ही काहीच काम सांगितलेले नसताना पंखा गिरणीसारखा घरघरत असेल, तर आत दुसऱ्याच कुणाचे तरी काम चालू आहे.

नाडी पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातल्या 'सीपीयू' या मथळ्यावर क्लिक केले की जास्त खाणारा सर्वांत वर येतो. मात्र लॅपटॉप सुरू केल्यावर दहा मिनिटे थांबा, बाकी सगळे बंद करा आणि मग पाहा. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी मोजून आम्ही हृदयरोग ठरवत नाही. विश्रांतीत आकडा पाच-दहा टक्क्यांच्या घरात असेल तर ठीक. तो तीस-चाळीसच्या खाली उतरतच नसेल तर शोध घ्यायला हवा.

या यादीतली काही नावे उगाच घाबरवतात. 'सिस्टिम आयडल प्रोसेस' समोर 95 दिसले म्हणून एक शिक्षक माझ्याकडे चिंतेने विचारायला आले होते. तो आकडा प्रोसेसर किती रिकामा बसला आहे हे सांगतो, जितका जास्त तितके चांगले. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचाच पहारेकरी, डिफेंडर. तो तपासणीला निघाला की थोडा वेळ भरपूर खातो, त्याला काम संपवू द्यावे. नव्या लॅपटॉपचे पहिले एक-दोन दिवस अपडेट आणि फाइलींची अनुक्रमणिका बनवण्यात जातात. लस टोचल्यावर बाळाला येणाऱ्या तापासारखे ते असते. आणि सीपीयू शांत असून 'डिस्क' शंभर टक्के दिसत असेल, तर दुखणे वेगळे आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की असा लॅपटॉप पुन्हा धावू लागतो. त्यासाठी नवा घेण्याची गरज नसते.

एवढे करून वर राहतात ती अनोळखी नावे. आणि इथे मला ओपीडीतली प्लॅस्टिकची पिशवी आठवते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असलेल्या आजी ती पिशवी टेबलावर रिकामी करतात तेव्हा चार डॉक्टरांच्या चौदा गोळ्या बाहेर पडतात. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असते, एक गोळी दुसरीचा दुष्परिणाम झाकायला असते, आणि दोन कुणी लिहून दिल्या ते आजींनाही ठाऊक नसते. नव्या कोऱ्या लॅपटॉपची पिशवी अशीच निघते. महिन्याभराचा चाचणी अँटीव्हायरस, त्यावर दुकानदाराने घातलेला दुसरा अँटीव्हायरस, तीन खेळ, खरेदीची ॲप, कंपनीचा 'असिस्टंट', आणि 'तुमचा लॅपटॉप मंद झाला आहे' असे सांगणारा एक कार्यक्रम, ज्याच्यामुळे तो मंद झालेला असतो. इंग्रजीत याला 'ब्लोटवेअर' म्हणतात. आमच्याकडे पोट फुगल्याची तक्रार सांगतात, त्यातलाच हा शब्द.

हे फुकट येत नाही. आपला कार्यक्रम आधीपासून घालून द्यावा म्हणून त्याची कंपनी लॅपटॉप बनवणाऱ्याला पैसे देते. स्पर्धेमुळे यंत्रावरचा नफा कमी, म्हणून ही मिळकत प्यारी. ग्राहकाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

नुसते मंद होण्यावर भागले असते तर मी एवढे लिहिले नसते. सप्टेंबर 2014 पासून काही महिने लेनोवोच्या घरगुती वापराच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' कंपनीचा जाहिराती दाखवणारा एक कार्यक्रम आधीच घातलेला होता. तुम्ही पाहत असलेल्या पानावर आपल्या जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने एक भयंकर गोष्ट केली. बँकेचे पान उघडताना पत्त्याशेजारी कुलपाची जी खात्री मिळते, ती देणाऱ्या विश्वासू संस्थांच्या यादीत त्याने गुपचूप स्वतःचे नाव घातले. भरीस भर म्हणजे त्या कुलपाची किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती. एका सोसायटीतल्या सगळ्या घरांना एकच किल्ली, आणि ती प्रत्येकाच्या पायपुसण्याखाली! फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झाले, तेव्हा एका संशोधकाने काही तासांत किल्लीचा पासवर्ड शोधला. हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचे नावच पासवर्ड म्हणून ठेवलेले होते. एकाच वायफायवर शेजारी बसलेला माणूस खोटे बँकेचे पान दाखवील आणि लॅपटॉप त्यावर खरेपणाचे कुलूप लावील, अशी ही स्थिती होती. नेहमीच्या पद्धतीने कार्यक्रम काढला तरी तो खोटा दाखला मागे राहायचा. अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने तो काढून टाकण्याचा इशारा दिला, लेनोवोने काढण्याचे साधन दिले, आणि सप्टेंबर 2017 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि 32 राज्यांशी तडजोड झाली. राज्यांना 35 लाख डॉलर द्यावे लागले.

आपल्याकडे हा वाद फोनवरून झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनमध्ये आपली ॲप आधीपासून घालायला लावण्यावरून गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही ॲप ग्राहकाला पूर्ण काढता यावीत हा आदेश मात्र तिथे टिकला नाही. म्हणजे दंड झाला तरी पिशवीतल्या काही गोळ्या ग्राहकाला टाकून देता येणार नाहीत.

कधी कधी उपद्रव आत घातलेला नसतो, उघडलेल्या पानातून येतो. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या पानांसह चार हजारांहून अधिक संकेतस्थळे भेट देणाऱ्यांच्या प्रोसेसरवर आभासी चलन खणून घेत होती. कमी दिसणाऱ्यांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या एका साधनात कुणीतरी तो कोड घुसवला होता. त्याच वर्षी तिरुपती महापालिकेच्या संकेतस्थळावरही असाच कोड सापडला. ब्राउझरच जास्त खात असेल तर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणते पान खात आहे ते कळते.

आता उपचार. पिशवीतल्या गोळ्या आम्ही एका दिवसात बंद करत नाही, एक थांबवतो आणि रुग्णाला काही दिवसांनी बोलावतो. इथेही तसेच. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवा. मग टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जाऊन नको ते 'डिसेबल' करा. पट्टी कपाटात ठेवून गोळी बंद करण्यासारखे हे आहे, वाटले तर पुन्हा सुरू करता येते. दोन दिवस पाहा, अडले नाही तर 'सेटिंग्ज'मधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन तेवढेच काढा. चाचणी संपलेला अँटीव्हायरस पहिला. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर मुळातच आहे, दुसरा हवाच असेल तर एकच ठेवा. इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक ही नावे किंवा 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' दिसले तर हात लावू नका, आवाज किंवा पडदाच जायचा. 'स्पीड बूस्टर', 'क्लीनर' नावाचे काहीही घालू नका. मुळव्याधीच्या भिंतीवरच्या जाहिरातींवर माझा जेवढा विश्वास, तेवढाच यांच्यावर.

खरोखर संसर्गाचा संशय असेल तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची साधने फुकट मिळतात. फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रासाठी पुण्याच्या क्विक हीलनेही साधन दिले आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांची आणि त्यांच्या भावाची ही कंपनी. पडद्यावर अचानक 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असे आले तर फोन करू नका, पान बंद करा. पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच तक्रार नोंदवा, पहिले काही तास मोलाचे असतात.

हे सगळे करूनही ताप उतरत नसेल तर यंत्र उलटे करून पाहा. हवा आत जाण्याच्या फटी बहुधा तळाशी असतात. गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे नाक दाबलेले असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांत बाहेरची हवाच गरम असते. दोन-तीन वर्षांची धूळ पंख्यात साचली असेल तर ती जाणकाराकडून काढून घ्या.

आणि एक फुगणे मात्र घरी हाताळायचे नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतो, झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो, ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, मुलांपासून दूर फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.