पालखी आणि पहारा

मोठ्या माणसाबरोबर चार माणसे चालावीत, ही रीत फार जुनी आहे. पेशवाईत एखाद्या सरदाराला पालखीचा मान मिळाला की नुसती पालखी येत नसे. तिच्या खर्चासाठी सरकारातून वेगळी नेमणूकही येत असे. अब्दागिरी धरणारा निराळा, पुढे ललकारणारे भालदार-चोपदार निराळे. पण त्या काळच्या लोकांचा एक गुण मान्य केला पाहिजे. या सगळ्या थाटाला ते सरळ ‘मान’ म्हणत. सरदारसाहेबांच्या प्रकृतीला ऊन सोसत नाही, सबब अब्दागिरी, असा बहाणा कुणी करीत नसे.

आजच्या अमेरिकेतील बड्या कंपन्यांचे वार्षिक कागद चाळताना मला हा भेद वारंवार आठवतो. तेथील शेअरबाजारात ज्या कंपनीचे भाग विकले जातात, तिला आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मिळकतीचे कोष्टक दरवर्षी भागधारकांपुढे ठेवावे लागते. पगार, बक्षिसी, समभाग असे रकाने ओळीने येतात आणि शेवटी एक रकाना येतो, ‘इतर सर्व मोबदला’. आम्हा मास्तर मंडळींना तळटिपा वाचण्याची खोड असते, आणि खरी मौज या रकान्याच्या तळटिपांतच आहे.

फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचे मार्क झुकरबर्ग यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा पगार वर्षाला १ डॉलर! एवढ्यावर वाचक गहिवरून जाईल, म्हणून लगेच तळटीप पाहावी. त्यांच्या आणि कुटुंबाच्या संरक्षणासाठी कंपनी वर्षाला १ कोटी डॉलर भत्ता देत होती. २०२३ मध्ये तो १ कोटी ४० लाख करण्यात आला. म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर कोटी रुपयांहून अधिक. शिवाय घराचा आणि प्रवासातला पहारा व खाजगी विमान, हा खर्च वेगळा. उलट वॉरन बफेट यांच्यासारख्या कुबेराच्या संरक्षणावर बर्कशायर कंपनीने वर्षाला ३ लाख डॉलरच्या आसपास खर्च केला. श्रीमंती आणि पहारा यांचे त्रैराशिक मांडता येत नाही, ते असे.

आता विमानाचा आणि संरक्षणाचा संबंध काय, असे कुणी विचारील. तो कसा जुळतो ते पाहण्यासारखे आहे. कंपनीचे संचालक मंडळ बाहेरच्या तज्ज्ञांकडून धोक्याची पाहणी करून घेते. पाहणी करणारे पुष्कळदा याच धंद्यातले. काढा विकणाऱ्या वैद्याला ‘काढा घेऊ का?’ म्हणून विचारावे, तसेच हे. अहवाल सांगतो की साहेबांनी सार्वजनिक विमानाने जाणे बरे नव्हे. मग मंडळ तसा नियमच करते. अ‍ॅपल कंपनीने २०१७ मध्ये टिम कुक यांना कामाचा आणि घरगुती असा सारा प्रवास खाजगी विमानानेच करण्याचे बंधन घातले. सुट्टीवर जायचे तरी खाजगी विमान, आणि तेही सक्तीने! असा अहवाल हाती असला की करात सवलतही मिळते. तळटिपेतील आकडा सामान्यतः इंधन, उतरण्याचे भाडे, चालकांचा मुक्काम अशा वाढीव खर्चाचा असतो. विमानाची किंमत त्यात धरलेली नसते.

सुदैवाने तेथील रोखे आयोगाने २००६ च्या नियमांत एक गोष्ट स्पष्ट केली. घरचा पहारा आणि खाजगी कामासाठी वापरलेले विमान यांना संरक्षणाचे कारण दाखवले, तरी ती सवलतच होय आणि ती जाहीर केली पाहिजे. हा नियम सैल करावा काय, यावर जून २०२५ मध्ये आयोगाने चर्चासत्र घेतले. ही उघडपणाची अट किती मोलाची आहे, हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या इतिहासावरून कळते. तिचे निवृत्त प्रमुख जॅक वेल्च यांना मिळणारे घर, विमान वगैरे २००२ मध्ये बाहेर आले, ते घटस्फोटाच्या कज्ज्यातून. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांना सुमारे २५ लाख डॉलरच्या सवलती मिळाल्या होत्या. पुढचे प्रमुख जेफ्री इमेल्ट यांच्या विमानामागून काही दौऱ्यांत दुसरे रिकामे विमान उडत असे, हे २०१७ मध्ये उघड झाले. एक पालखी मोडली तर दुसरी हवी!

याहून बोलका प्रसंग नोव्हेंबर २००८ चा. डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे २,५०० कोटी डॉलरची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, ते तीन वेगवेगळ्या खाजगी विमानांतून. खासदारांनी त्यांची अशी हजेरी घेतली, की पुढच्या महिन्यात तिघेही आपापल्या कंपनीच्या मोटारीतून रस्त्याने आले. त्या वेळी कुणाला धोका आठवला नाही.

इतके सांगितल्यावर हसून मोकळे व्हावे, तर तसे करता येत नाही. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये युनायटेडहेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन गुंतवणूकदारांच्या सभेसाठी पायी चालले होते. हॉटेलच्या दारात त्यांना पाठीमागून गोळ्या घालण्यात आल्या. घरी दोन मुले होती. त्यानंतर संरक्षणावरचा खर्च अनेक कंपन्यांत वाढला. युनायटेडहेल्थ समूहाने २०२४ मध्ये त्यावर जवळजवळ १७ लाख डॉलर खर्च केल्याचे जाहीर केले. ज्याच्या जिवावर खरोखर कुणी उठले आहे, त्याला पहारा देऊ नये असे कोणता शहाणा म्हणेल?

परंतु धोका हुद्दा पाहून येत नाही. २८ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कच्याच पार्क अव्हेन्यूवरील एका कचेरीच्या इमारतीत एका बंदूकधाऱ्याने चौघांचे प्राण घेतले. त्यांत एका बड्या गुंतवणूक कंपनीची अधिकारी होती, इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेतली एक तरुण कर्मचारी होती, गणवेशात पहाऱ्याचे काम करणारा एक पोलीस होता, आणि दाराशी बसणारा एक पहारेकरीही होता. त्या पहारेकऱ्याचा पहारा कुणी करायचा? विम्याचा दावा नामंजूर झालेला माणूस संतापतो, तेव्हा तो संताप प्रथम कुणाच्या वाट्याला येतो? टेलिफोनवर बोलणाऱ्या मुलीच्या. ‘इतर सर्व मोबदला’ या रकान्यात तिचे नाव नसते.

हा पैसा भागधारकांचा असतो, आणि भागधारक केवळ सातासमुद्रापलीकडेच असतात असे नाही. आपल्याकडील काही म्युच्युअल फंडांच्या गाठोड्यातही या अमेरिकी कंपन्यांचे भाग आहेत. तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या मासिक हप्त्यातली एखादी दिडकी त्या विमानाच्या इंधनात पडत असेल!

बफेट यांनी मात्र आपल्या कंपनीच्या विमानाला नाव दिले होते ‘द इन्डिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचे समर्थनच करता येत नाही ते. अनेक वर्षे विमानांवर टीका करून अखेर स्वतःच एक घेतल्यावर त्यांनी निदान नाव तरी खरे ठेवले. कंपन्यांकडून माझी अपेक्षा याहून फार मोठी नाही. जिवाला धोका असेल तर पहारा जरूर द्यावा, साहेबांना द्यावा आणि दाराशी बसलेल्यालाही द्यावा. आणि पालखी द्यायचीच असेल, तर तिला पालखीच म्हणावे.