स्कंध-कंडराविदारण
खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) फाटण्याची विकृती. उतारवयात कंडरा जीर्ण होत असल्याने साध्या पडण्यानेही त्या फाटतात. हात वर उचलणे कठीण होते व रात्री वेदना वाढतात; पुष्कळांना मात्र काहीच त्रास जाणवत नाही व त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. इतरांत प्रथम बहुधा व्यायामोपचार करतात. गुण न आल्यास किंवा आघाताने कंडरा अकस्मात तुटल्यास ती टाक्यांनी हाडाला पुन्हा जोडतात. अमेरिकन शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १९११ मध्ये प्रसिद्ध केले. हल्ली ती बहुधा दुर्बिणीद्वारे करतात. जोडलेली कंडरा हाडाशी एकजीव होण्यास अनेक महिने लागतात; म्हणून आरंभी सुमारे ४ ते ६ आठवडे हात झोळीत ठेवतात. वृद्धांत ती पुन्हा फाटण्याचा संभव अधिक असतो. तरीही केवळ वयावरून शस्त्रक्रिया वर्ज्य ठरत नाही. स्नायूची अवस्था व रुग्णाची गरज पाहून निर्णय घेतात.