डांबरी रस्ता, शिधा आणि साखर

नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांच्या गप्पांत शूलपाणीची झाडी असते, समुद्राजवळचा नावेचा प्रवास असतो. डांबरी रस्त्यावरच्या दिवसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. शरीराचा कस मात्र त्याच दिवसांत लागतो.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तीर चालायचे म्हणजे सुमारे २६०० किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. बर्गी, इंदिरा सागर, सरदार सरोवर या धरणांच्या जलाशयांत काठच्या जुन्या पाऊलवाटा बुडाल्या. इंदिरा सागरने तर २००४ मध्ये हरसूद हे गावच गिळले. अशा पट्ट्यात परिक्रमावासीला नदी सोडून डांबरी रस्ता धरावा लागतो. कार्तिकात ओंकारेश्वरहून निघालेला माणूस हरदा-खंडव्याकडच्या या भागात परततो, तोवर उन्हाळा तोंडावर आलेला असतो.

पाऊलवाटेवर प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते. सपाट, कडक रस्त्यावर त्याच हाडांवर तसाच दाब पडत राहतो, आणि २५ किलोमीटरला साधारण ३५ हजार पावले होतात. सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये केले होते. पुढे क्ष-किरण आले तेव्हा कळले, की तळव्यातल्या लांब हाडांना बारीक तडे जात होते. म्हणून चवड्यावर एकाच बिंदूत दुखत असेल आणि विश्रांतीनंतरही ते राहत असेल, तर तेल चोळून पुढे रेटू नये. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. शेजारची मातीची पट्टी त्यापेक्षा बरी.

आता शिध्याचे. आश्रमात किंवा गावात सदाव्रत मिळते: पीठ, तांदूळ, डाळ, मीठ. रस्त्याच्या लांब टप्प्याआधी पिशवी भरून घेण्याचा मोह होतो. पण पाण्याचा लिटर म्हणजेच एक किलो. साठ किलोच्या माणसाने एकंदर सहा-सात किलोंच्या वर ओझे नेऊ नये. वाट्याला आलेल्यातले पीठ कमी घ्यावे, डाळ सोडू नये. चालण्याच्या दिवसांत स्नायूंची झीज होते आणि भात-बटाट्याने ती भरून निघत नाही. फुटाणे सर्वांत सोयीचे: शंभर ग्रॅममध्ये सुमारे वीस ग्रॅम प्रथिने, शिजवायची गरज नाही.

खरा धोका मधुमेह्यांना. निवृत्तीनंतर निघणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात, आणि त्या वयात गोळ्या चालू असतातच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी घरच्यासारखी गोळी घेतली, पंधरा किलोमीटर चालणे झाले आणि पुढच्या गावातले जेवण दोन वाजेपर्यंत हाती आले नाही, तर घाम, थरथर, चिडचिड, शेवटी गोंधळ. लक्षणे उन्हाची आणि थकव्याचीच वाटतात, त्यामुळे सोबतीही फसतो. अशा वेळी तपासत बसू नये. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर पुन्हा, आणि मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. गोळीचा डोस निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा असतो. वाटेत मनाने नाही.

याच्या उलटही घडते. घराघरांतून ‘नर्मदे हर’ म्हणत गोड चहा पुढे येतो, नकार देणे जड जाते. ‘बिनसाखरेचा द्या, माताजी’ म्हटले की बहुतेक घरी ते हसत ऐकले जाते.

व्रत म्हणून अनवाणी चालणारेही असतात. हवा पस्तीस अंशांवर असली तरी दुपारचे डांबर पन्नाशी ओलांडते. मधुमेहाने पायांची जाणीव बोथट झालेल्याला भाजलेले कळतच नाही. फोड दिसतो तो संध्याकाळी, तोही पाहिला तर. त्यांनी व्रताला मुरड घालून पायताण वापरावे हे बरे. मुक्कामी पोहोचल्यावर शिधा चुलीवर चढवण्याआधी पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात किंवा सोबत्याकडून नीट पाहून घ्यावेत. न फुटलेला छोटा फोड फोडू नये, फुटलेल्याची सालही ओढून काढू नये. तळव्यावर काळपट डाग, पू किंवा सूज असेल तर दुसऱ्या दिवशी चालणे नाही.