वायव्हाच्या आधीची दहा मिनिटं

वायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, बाहेर ताटकळणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या शरीरात काय चाललेलं असतं, ते त्याला पहिल्या वर्षापासून पाठ असतं. अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, तळहात घामेजतात. पाठ आहे म्हणून ते थांबत नाही. चाळीस हजारांवर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्या एकत्र करणारा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दर तिघांपैकी एकाला चिंतेचा त्रास असल्याचं दिसलं.

मोबाइलवरची अ‍ॅप यावर काय करतात? बहुतेकांची सुरुवात श्वासापासून होते. पडद्यावरचं वर्तुळ फुगतं, आक्रसतं आणि त्याच्या लयीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके किंचित मंदावतात. उच्छ्वास लांबवायला सांगतात तो यासाठीच. काही अ‍ॅप ‘मी नापासच होणार’ हा विचार लिहून घेतात आणि त्याला पुरावा काय, असं विचारतात. मानसोपचारातलीच ही जुनी पद्धत आहे.

अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ८८ वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटानं ‘हेडस्पेस’ अ‍ॅपवर रोज दहा ते वीस मिनिटं, महिनाभर ध्यान करायचं होतं. त्या गटाला जाणवणारा ताण उतरला. प्रयोग छोटा आहे, तरी मला तो आश्वासक वाटतो. कारण नैराश्याची लक्षणं असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी जेमतेम १६ टक्केच उपचार घेतात, असं २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. ज्या सरांसमोर उद्या केस मांडायची, त्यांच्याच रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बसायला धीर होत नाही. फोन खोलीतच असतो.

अडचण टिकण्याची आहे. मानसिक आरोग्याची अ‍ॅप महिनाभरानंतरही उघडणारे शंभरात तीन-चारच उरतात, असं २०१९ मधल्या एका पाहणीत दिसलं. शिवाय सलग ड्यूटीनं झोप उडालेल्या रेसिडेंट डॉक्टरला श्वास मोजायला सांगणं ही मलमपट्टी झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटानं २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास काम आणि एक सुट्टी सुचवली आहे. अ‍ॅप वाटणाऱ्या महाविद्यालयांनी आधी ड्यूटीचा तक्ता बदलावा.

आणि त्रास हाताबाहेर जात असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अ‍ॅपवर थांबू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथं मराठीतही बोलता येतं.