पोटदुखी उजवीकडे नसली तरी

बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारी कळ ही अपेंडिक्स सुजल्याची ओळखीची खूण. लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांखालच्या, ती पुष्कळदा दिसतच नाही. मूल नुसतं किरकिरतं, खात नाही, उलट्या करतं.

अपेंडिक्सचं टोक सगळ्यांत एकाच जागी नसतं, गोंधळ तिथून सुरू होतो. ते ओटीपोटात उतरलेलं असलं की गुदाशयाला डिवचतं आणि थोडेथोडे जुलाब होतात. घरचे म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल. मूत्राशयाला टेकलं तर लघवीला जळजळ होते, तपासणीत पू-पेशीही सापडतात. मोठ्या आतड्याच्या मागे असलं तर कंबर दुखते, मूल वाकून किंवा लंगडत चालतं.

या वयात निदानाआधीच अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण फार मोठं आहे. फुटल्यावर थोडा वेळ दुखणं ओसरतं, आणि हा उतार मला सर्वांत घातक वाटतो. म्हणून मुलाला उडी मारायला सांगून पाहा. पोट धरून ते नको म्हणालं, तर एरंडेल किंवा जुलाबाचं औषध मुळीच देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही, तरी काही तासांनी पोट पुन्हा तपासून घ्या.