पित्तनलिका-अवरोध : अर्भकांवरील शस्त्रक्रियेचे फलित आणि रत्नागिरी जिल्हा

प्रस्तावना

नवजात अर्भकाची कावीळ बहुधा निरुपद्रवी असते व दोन आठवड्यांत ओसरते. या अनुभवामुळेच त्यापुढे टिकणाऱ्या काविळीकडे दुर्लक्ष होते. अशा काही अर्भकांत यकृताबाहेरील पित्तनलिका दाहामुळे बुजलेल्या असतात. या विकारास ‘बिलियरी अॅट्रेशिया’ म्हणतात. युरोपात सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका अर्भकात तो आढळतो. पूर्व आशियात त्याचे प्रमाण अधिक आहे. पित्त साचून यकृत कठीण होत जाते आणि उपचारांअभावी बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात. प्रस्तुत लेखात या विकारावरील शस्त्रक्रियेच्या यशात वेळेला असलेल्या महत्त्वाचे विवेचन केले आहे.

शस्त्रक्रिया व तिचे फलित

जपानमधील सेंदाई येथील शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५५ मध्ये नवी शस्त्रक्रिया केली. तीत बुजलेल्या नलिका काढून लहान आतड्याचा भाग थेट यकृतद्वाराशी जोडला जातो. ही शस्त्रक्रिया साधारणतः ६० दिवसांच्या आत झाल्यास पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता अधिक असते. ९० दिवसांनंतर ती बरीच घटते. यश मिळाले तरी पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग व यकृतकाठिण्य यांचा धोका उरतो आणि अनेक रुग्णांना पुढे यकृत प्रत्यारोपण करावे लागते. भारतातील पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले, ते याच विकाराने ग्रस्त बालकावर.

तैवानने २००४ पासून मातांना शौचाच्या रंगांची तुलना करण्याचे कार्ड देशभर दिले. त्यानंतर स्वतःच्या यकृतावर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रिया तीच होती. निदान मात्र लवकर होऊ लागले.

रत्नागिरीचा संदर्भ

मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या डोंगराळ जिल्ह्यातून अशा शस्त्रक्रियेसाठी मुंबईसारख्या महानगरातील बालशल्यचिकित्सा विभाग गाठावा लागतो. तत्पूर्वीचे मौल्यवान दिवस घरीच जातात. बाळंतीण माहेरी असते, बाळाला कोवळे ऊन दाखवले जाते, काविळीवर झाडपाला शोधला जातो. बाळ अंगाने बाळसेदार दिसत असल्याने कोणालाच शंका येत नाही.

आशा स्वयंसेविकांच्या नवजात बालकांसाठीच्या गृहभेटी जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत चालतात; म्हणजे ६० दिवसांची मर्यादा उलटण्यापूर्वीच. या भेटींत तीन गोष्टी पाहाव्यात : चौदा दिवसांनंतरची कावीळ, पांढुरकी किंवा मातकट शी आणि लंगोटावर डाग पाडणारी गडद पिवळी लघवी. यांपैकी काहीही आढळल्यास रक्तातील एकूण व संयुग्मित बिलिरुबिन तपासून घ्यावे. संयुग्मित बिलिरुबिन वाढलेले असल्यास बाळाला विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

समारोप

शल्यविशारदाचे कौशल्य महत्त्वाचे आहेच. परंतु त्याच्यापर्यंत बाळ कोणत्या दिवशी पोहोचते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालयांनी ही तीन लक्षणे घरोघरी पोहोचवली, तर एखाद्या बाळाचे यकृत वेळीच वाचू शकेल.